प्रोग्रेसिव्ह चष्मा: आधी फ्रेम बसवा, मग माप घ्या

"बिनरेषेचा डबल नंबर मला सूट होत नाही" असं म्हणत प्रोग्रेसिव्ह चष्मा घेतलेलं गिऱ्हाईक परत आलं की दुकानात पहिला संशय नंबरावर जातो आणि दुसरा लेन्सच्या कंपनीवर. प्रत्यक्षात बरेचदा दोन्ही बरोबर असतात. चुकलेला असतो क्रम. फ्रेम चेहऱ्यावर नीट न बसवताच पीडी (दोन बाहुल्यांमधलं अंतर) आणि हाइट (बाहुलीच्या मध्यापासून लेन्सच्या तळापर्यंतची उंची) घेतलेली असते. मग डिलिव्हरीच्या दिवशी फ्रेम बसवली जाते, लेन्स 2–3 मिमी खाली किंवा पुढे सरकते आणि घेतलेलं माप निरुपयोगी होतं. सिंगल व्हिजनमध्ये, म्हणजे एकाच नंबराच्या लेन्समध्ये, एवढं खपून जातं. प्रोग्रेसिव्हमध्ये दूरच्या नंबरापासून जवळच्या नंबरापर्यंतची अरुंद वाट लेन्समध्येच कोरलेली असते आणि डोळा त्या वाटेवरच यावा लागतो.

हा लेख चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काम करणाऱ्यांसाठी आणि डिस्पेन्सिंग (चिठ्ठीवरून चष्मा बनवून देणं) शिकणाऱ्यांसाठी आहे. नंबर काढणं यात येत नाही, ते ऑप्टोमेट्रिस्टचं आणि नेत्रतज्ज्ञाचं काम. चिठ्ठी हातात आल्यापासून चष्मा नाकावर बसेपर्यंतचं सगळं मात्र आपलं आहे.

## 0. गिऱ्हाइकाला हात लावण्याआधीचा सराव

बी. ऑप्टोमचा 4 वर्षांचा अभ्यासक्रम किंवा ऑप्टोमेट्रीचा डिप्लोमा केलेल्यांनी डिस्पेन्सिंग हा विषय अभ्यासलेला असतो. दुकानातच शिकणाऱ्यांना तो अभ्यास हातानेच करावा लागतो. पहिल्या महिन्यात एवढं करा:

- लेन्सोमीटर (लेन्सचा नंबर मोजायचं यंत्र): लेन्स न ठेवता आधी आयपीस स्वतःच्या डोळ्यासाठी फोकस करा आणि रीडिंग 0.00 येतं का ते बघा. दुसऱ्याने फोकस केलेल्या मशीनवर तुम्ही घेतलेला नंबर पाव ते अर्धा डायॉप्टर सहज चुकतो. सिलिंडर, म्हणजे एका ठरावीक दिशेतला जास्तीचा नंबर, असलेल्या किमान 40 लेन्स वाचा आणि प्रत्येक नंबर प्लस सिलिंडर व मायनस सिलिंडर अशा दोन्ही पद्धतींनी लिहा.
- पीडी: 20 जणांची पीडी वेगवेगळ्या दिवशी तीन-तीन वेळा घ्या. तीन आकड्यांत 1 मिमीपेक्षा जास्त फरक पडत असेल तर अजून हात बसलेला नाही.
- फ्रेम: भंगारातल्या दहा फ्रेम मुद्दाम पिळा आणि पुन्हा सरळ करा. काडी कुठे तुटते आणि बिजागरी कधी सैल होते, ते भंगारातल्या फ्रेमवर शिकलेलं बरं.

## 1. चिठ्ठी वाचणं

चिठ्ठीवर दूरच्या आणि जवळच्या नंबराच्या दोन ओळी असतात. प्रोग्रेसिव्हच्या ऑर्डरला दूरचा नंबर आणि अ‍ॅडिशन लागतं. अ‍ॅडिशन म्हणजे जवळच्या स्फेरिकलमधून (सिलिंडर सोडून असलेल्या मुख्य नंबरातून) दूरचा स्फेरिकल वजा केल्यावर उरतं ते. दूरचा −1.50 आणि जवळचा +0.50 असेल तर अ‍ॅडिशन +2.00. जवळचा +0.50 हाच अ‍ॅडिशन समजून ऑर्डर लावणं ही नवख्यांची ठरलेली चूक.

त्याहून फसवी चूक दोन ओळी वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेल्या असतात तेव्हा होते. उदाहरणार्थ:

- दूर: −2.25 / +0.75 × 180
- जवळ: +0.50 / −0.75 × 90

थेट वजाबाकी केली तर +2.75 येतं आणि ते चूक आहे. आधी दूरचा नंबर ट्रान्सपोज करा, म्हणजे दुसऱ्या पद्धतीत लिहा: स्फेरिकल आणि सिलिंडरची बेरीज −1.50, सिलिंडरचं चिन्ह उलटं −0.75, ॲक्सिस (सिलिंडरची दिशा) 90 अंशांनी फिरवून 90. आता दोन्ही ओळी एका पद्धतीत आल्या आणि अ‍ॅडिशन +2.00 निघालं.

तपासा: दोन्ही डोळ्यांचं अ‍ॅडिशन साधारणपणे सारखंच असतं. वयाशीही ताळा घाला. चाळिशीच्या सुरुवातीला +1.00 ते +1.25, पन्नाशीच्या आसपास +1.75 ते +2.00, साठीनंतर +2.25 ते +2.50. बेचाळीस वर्षांच्या माणसाला +2.50 दिसलं तर चिठ्ठी देणाऱ्याला फोन करा, स्वतः आकडा बदलू नका.

जुना चष्मा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका. त्याचा नंबर, पीडी आणि प्रकार लेन्सोमीटरवर नोंदवा: क्रिप्टॉक (खाली गोल तुकडा असलेला बायफोकल) होता, डी बायफोकल (डी आकाराचा तुकडा असलेला) होता की प्रोग्रेसिव्ह. ॲक्सिस 10 अंशांपेक्षा जास्त फिरला असेल किंवा वीस वर्षं क्रिप्टॉक वापरलेला माणूस पहिल्यांदा प्रोग्रेसिव्ह घेत असेल तर ते आत्ताच बोलून ठेवा. डिलिव्हरीच्या दिवशी सांगितलं की ती सबब वाटते.

दोन्ही डोळ्यांच्या दूरच्या नंबरात दीड-दोन डायॉप्टरपेक्षा जास्त फरक असेल तर थांबा. वाचताना डोळा लेन्सच्या मध्यापासून सुमारे 1 सेंमी खाली उतरतो आणि प्रेंटिसच्या नियमाने प्रिझम, म्हणजे लेन्समुळे प्रतिमा सरकण्याचं माप, येतं सेंटिमीटर गुणिले डायॉप्टर. उजवा −1.00 आणि डावा −4.00 असेल तर वाचताना 3 प्रिझमचा उभा फरक पडतो. असं गिऱ्हाईक एक डोळा मिटून वाचतं किंवा डोकं दुखतं म्हणतं. कधी वाचनाचा वेगळा चष्मा हाच खरा सल्ला असतो, आणि प्रोग्रेसिव्हची विक्री बुडाली तरी तो द्यावा.

## 2. टेप घेऊन प्रश्न विचारणं

"काम काय करता?" एवढ्यावर थांबू नका. अंतर मोजा. काकूंना हातात वर्तमानपत्र द्या, त्यांच्या सवयीप्रमाणे धरू द्या आणि डोळ्यापासून कागदापर्यंत टेप लावा. +2.50 अ‍ॅडिशनने सर्वांत स्पष्ट 40 सेंमीवर दिसतं. त्या पोथी मांडीवर ठेवून 50 सेंमीवरून वाचत असतील तर चिठ्ठी देणाऱ्याशी त्याबद्दल बोलायला हवं.

काही कामांना साधा प्रोग्रेसिव्ह सोयीचा नाही, हे सांगायची तयारी ठेवा:

- दिवसाचे आठ तास डोळ्यांच्या समोर, 65 सेंमीवर स्क्रीन. इथे ऑफिस लेन्स (मधल्या आणि जवळच्या अंतरासाठीची) चांगली. साध्या प्रोग्रेसिव्हमध्ये मधला पट्टा अरुंद असतो आणि माणूस दिवसभर मान वर करून बसतो.
- डोक्याच्या वर जवळचं काम करणारे: वायरमन, प्लंबर, वरच्या कप्प्यातल्या औषधांची नावं वाचणारे औषधविक्रेते. जवळचा नंबर लेन्सच्या खाली असतो आणि यांना तो वर हवा असतो.
- आडवं पडून वाचणारे. कुशीवर झोपून वाचताना प्रोग्रेसिव्हची वाट डोळ्याला सापडत नाही.
- क्रिप्टॉकवर खूश असलेले. तक्रार नसेल तर बदलायला भरीस पाडू नका.

इशारा: बोलता बोलता कुणी अचानक विजेसारखं चमकतं, पडदा आल्यासारखं दिसतं किंवा एकाची दोन दिसतात म्हणालं तर फ्रेम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा.

## 3. फ्रेम निवडणं

काडीच्या आतल्या बाजूला 52□18 140 असं काहीतरी छापलेलं असतं. लेन्सची रुंदी 52, दोन लेन्समधलं अंतर 18, काडीची लांबी 140. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज म्हणजे फ्रेम पीडी, इथे 70. गिऱ्हाइकाचा उजवा पीडी 31.5 आणि डावा 30 असेल तर उजवी लेन्स 35 वजा 31.5, म्हणजे 3.5 मिमी आत सरकवावी लागेल आणि डावी 5 मिमी. फ्रेम जितकी मोठी, तितकं सरकवणं जास्त, आणि मायनस नंबरात कानाकडचा काठ तितका जाड.

प्रोग्रेसिव्हसाठी फ्रेम बघताना:

- बाहुलीच्या मध्यापासून खाली लेन्सच्या तळापर्यंत लेन्सच्या डिझाइनला लागणारी किमान हाइट मिळायला हवी. छोट्या कॉरिडॉरच्या (दूरपासून जवळपर्यंतच्या वाटेच्या) डिझाइनना 14 मिमीही पुरतात, नेहमीच्या डिझाइनना 18 मिमीच्या आसपास लागतात. नेमका आकडा लेन्सच्या पाकिटावर किंवा कंपनीच्या चार्टवर असतो.
- बाहुलीच्या वर किमान 10–12 मिमी राहू द्या, नाहीतर दूरचं बघायला जागा उरत नाही.
- अ‍ॅव्हिएटरसारखे आकार नाकाकडच्या खालच्या कोपऱ्यात कापलेले असतात आणि जवळचा नंबर नेमका तिथेच असतो. बाहेरून लेन्स ऐसपैस दिसते, वाचायला मात्र फटीएवढी जागा मिळते.
- नाकाचा पूल बसका असेल तर नोज पॅडची फ्रेम घ्या. शेलच्या (प्लास्टिकच्या) फ्रेमला पॅड वाकवण्याची सोय नसते, ती घसरली की हाइट घसरते.

ड्रिल करून बसवायच्या रिमलेस फ्रेममध्ये साधी सीआर-39 (नेहमीचं प्लास्टिक) किंवा 1.56 इंडेक्सची लेन्स देऊ नका, भोकापाशी तडकते. पॉलिकार्बोनेट, ट्रायव्हेक्स किंवा 1.60 घ्या. पॉलिकार्बोनेटचा ॲबे नंबर (जितका कमी, तितके रंग जास्त फाकतात) सुमारे 30 असतो आणि सीआर-39 चा 58. त्यामुळे मोठ्या नंबरात काठाकडून बघताना पॉलिकार्बोनेटमध्ये रंगीत किनार दिसू शकते. आधी सीआर-39 वापरलेल्या संवेदनशील गिऱ्हाइकाला हे सांगून ठेवावं.

## 4. फ्रेम बसवणं

हाच टप्पा घाईत गाळला जातो. "डिलिव्हरीला बसवून देऊ" हे वाक्य दुकानातून हद्दपार करा.

टेबलावर. काड्या उघडून फ्रेम उलटी ठेवा, वरचा काठ सपाट टेबलाला लावून. दोन्ही बाजूंचे वरचे काठ आणि दोन्ही काड्या, असे चार बिंदू टेकले पाहिजेत. डुगडुगली तर काडी किंवा पूल पिळलेला आहे. मग काड्या मिटून बघा, त्या एकमेकींना समांतर मिटायला हव्यात. नवी फ्रेम सरळच असते असं धरून चालू नका, डब्यातून काढलेली फ्रेमही पुष्कळदा पिळलेली असते.

चेहऱ्यावर. या क्रमाने:

1. नाक. नोज पॅड पूर्ण टेकतात का ते बघा. फक्त काठ टोचत असेल तर पॅडचा कोन बदला. पॅड रुंद केले की फ्रेम खाली आणि चेहऱ्याजवळ येते, अरुंद केले की वर आणि पुढे जाते.
2. फ्रेमचं अंतर. लेन्सची मागची बाजू डोळ्यापासून 12–14 मिमी असावी, पापण्या लेन्सला लागू नयेत. लेन्स जितकी जवळ, तितकी प्रोग्रेसिव्हची वाट रुंद भासते.
3. झुकाव. फ्रेमचा खालचा काठ गालाकडे 8–12 अंश झुकलेला हवा. हसायला सांगा. गाल फ्रेमला टेकून ती वर उचलली गेली तर झुकाव जास्त आहे किंवा फ्रेम मोठी आहे.
4. समपातळी. एक बाजू वर चढलेली दिसली तर त्याच बाजूची काडी वर करा. काडी कानावर टेकलेली असल्यामुळे ती वर केली की समोरचा भाग खाली येतो. उलटं करणारे पुष्कळ असतात आणि चष्मा आणखी तिरका करून बसतात.
5. मागे-पुढे. वरून बघा. उजवी लेन्स चेहऱ्याच्या जास्त जवळ असेल तर उजवी काडी आत घ्या, जास्त लांब असेल तर बाहेर काढा.
6. कान. काडीचा बाक कानाच्या माथ्यावर बरोबर सुरू व्हावा. त्याच्या आधी सुरू झाला तर फ्रेम पुढे ढकलली जाते, नंतर झाला तर घसरते. बाकानंतरचा भाग कानामागच्या हाडाला हलका टेकला पाहिजे, रुतता कामा नये.

शेवटी मान खाली घालून डोकं हलवायला सांगा. फ्रेम जागची हलली नाही तरच पुढे जा.

इशारा: शेल तापवताना हीटरमध्ये फ्रेम सतत फिरवत ठेवा आणि बोटांनी अजमावा. मऊ झाल्याशिवाय वाकवू नका, बुडबुडे येईपर्यंत तापवू नका. लेन्स बसवलेली फ्रेम तापवायची वेळ आली तर फक्त काडी तापवा. अँटी-रिफ्लेक्शन कोटिंगला उष्णता लागली की बारीक भेगांचं जाळं पडतं आणि ते परत जात नाही. हेच गिऱ्हाइकालाही सांगा: मे महिन्यात बंद गाडीच्या डॅशबोर्डवर चष्मा ठेवू नका.

## 5. पीडी

प्रोग्रेसिव्हला दोन्ही डोळ्यांचा पीडी वेगवेगळा लागतो, नाकाच्या मध्यापासून प्रत्येक बाहुलीपर्यंत. 63 आली म्हणून 31.5 आणि 31.5 लिहिणं म्हणजे अंदाज. बहुतेकांचं नाक थोडं एका बाजूला असतं आणि 1.5 मिमीचा फरकही कॉरिडॉर चुकवतो.

प्युपिलोमीटर (पीडी मोजायचं यंत्र) असेल तर तो अनंत अंतरावर सेट आहे ना, ते आधी बघा. मागच्या माणसाने जवळच्या अंतरावर ठेवलेला असतो आणि पीडी 3–4 मिमीने कमी येते. पॅड नाकावर आणि कपाळाचा टेकू कपाळावर सपाट टेकला पाहिजे. तिरळेपणा असेल तर एक डोळा झाकून दुसरा मोजा.

पट्टीने घेताना गिऱ्हाइकाच्या समोर, त्याच्याच डोळ्यांच्या पातळीवर, 40 सेंमीवर बसा. आपला उजवा डोळा मिटा आणि म्हणा, "काका, माझ्या या उघड्या डोळ्याकडे बघा." तुमचा डावा डोळा त्यांच्या उजव्या डोळ्यासमोर असतो. पट्टीचं शून्य त्यांच्या उजव्या बाहुलीच्या मध्यावर लावा. पट्टी अजिबात न हलवता डावा डोळा मिटून उजवा उघडा, त्याकडे बघायला सांगा आणि त्यांच्या डाव्या बाहुलीवरचा आकडा वाचा. हा दूरचा पीडी. दोन्ही डोळ्यांचे वेगळे आकडे हवेत तर शून्य फ्रेमच्या पुलाच्या मध्यावर ठेवून हेच करा.

तपासा: प्युपिलोमीटर नाकावर बसतो आणि चष्मा पॅडवर. नाक वाकडं असेल तर दोघांचा मध्य एक नसतो. म्हणून पुढच्या टप्प्यात डेमो लेन्सवर (फ्रेमबरोबर येणाऱ्या नमुना लेन्सवर) ठिपके काढल्यावर पुलाच्या मध्यापासून ठिपक्यापर्यंत पट्टीने मोजा. प्युपिलोमीटरच्या आकड्याशी 1 मिमीपेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही मापं पुन्हा घ्या.

## 6. हाइट

सर्वांत जास्त चष्मे इथे बिघडतात.

1. फ्रेम बसवलेली आहे आणि डेमो लेन्स आत आहेत. डेमो नसतील तर रिमवर उभी पारदर्शक टेप लावा.
2. गिऱ्हाइकाला उभं करा, चार पावलं चालायला लावा आणि थांबल्यावर लांब बघू द्या. माणूस खुर्चीत बसला आणि त्याला कळलं की माप घेतायत, की तो ताठ होतो, हनुवटी वर जाते. फोटोला उभं राहिल्यासारखं. ती त्याची रोजची मान नव्हे.
3. आपले डोळे त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणा. त्यासाठी उंची कमी-जास्त होणारं स्टूल ठेवा.
4. बारीक टोकाच्या मार्करने प्रत्येक डोळ्याच्या बाहुलीच्या मध्यावर ठिपका काढा. लेन्सला मार्कर टेकवताना फ्रेम दाबली जाऊ देऊ नका.
5. फ्रेम उतरवा. लेन्सच्या सर्वांत खोल बिंदूला टेकणारी आडवी रेघ मनात धरा आणि ठिपक्यापासून त्या रेघेपर्यंत मोजा. बाहुलीच्या थेट खाली जो काठ येतो तिथपर्यंत मोजू नका. फ्रेम तिथे वर वळलेली असेल तर 1–2 मिमी कमी येतात आणि लेन्स तेवढी खाली बसते.
6. फुल रिम असेल तर लेन्स खाचेत जाते, म्हणून खाचेच्या तळापर्यंतचा सुमारे अर्धा मिमी धरा. हाफ रिममध्ये, म्हणजे सुप्रात, लेन्सच्या काठापर्यंतच मोजा.
7. फ्रेम पुन्हा घालून ठिपके बाहुलीवरच आहेत ना ते बघा. तीन वेळा सारखं आलं तर लिहा.

पातळीचा आग्रह का? बाहुली लेन्सच्या मागे सुमारे 16 मिमीवर असते. तुम्ही 40 सेंमीवर उभे आहात आणि तुमचा डोळा गिऱ्हाइकाच्या डोळ्यापेक्षा 5 सेंमी वर आहे. ठिपका जवळजवळ 2 मिमी वर पडतो. त्यात गिऱ्हाईक तुमच्याकडे वर बघत असेल तर आणखी. उंच ऑप्टिशियन उभा आणि ठेंगणी मावशी खुर्चीत असली की हाइट नेहमी जास्त येते.

इशारा: सिंगल व्हिजनमध्ये झुकावाच्या दर 2 अंशांमागे ऑप्टिकल सेंटर 1 मिमी खाली घेण्याचा नियम आहे. तो प्रोग्रेसिव्हला लावू नका. इथे फिटिंग क्रॉस (लेन्सवर छापलेली, बाहुलीसमोर यायची खूण) बाहुलीच्या मध्यावरच येतो, झुकाव डिझाइनमध्ये आधीच धरलेला असतो.

मग कंपनीच्या सेंट्रेशन चार्टवर फ्रेम ठेवा, ठिपका क्रॉसवर आणा. ब्लँकच्या (न कापलेल्या लेन्सच्या) वर्तुळात पूर्ण फ्रेम बसते का आणि जवळच्या नंबराचं वर्तुळ फ्रेमच्या आत आहे का, ते बघा. नसेल तर फ्रेम बदलण्याची हीच शेवटची स्वस्त संधी.

## 7. ऑर्डर लिहिणं

आकडे लिहिण्याची शिस्त ठेवली तर लॅबचे निम्मे फोन वाचतात. नंबर नेहमी दोन दशांशांपर्यंत लिहा: −0.50, +2.00. प्लसचं चिन्ह गाळू नका. ॲक्सिस तीन आकडी लिहा, 005 आणि 090, आणि अंशाचं गोल चिन्ह काढू नका. 18 च्या पुढचं गोल कुणीतरी शून्य वाचतं आणि 180 ची लेन्स येते.

उजवा-डावा पीडी, उजवी-डावी हाइट, फ्रेमची रुंदी, उंची, पूल, मटेरिअल, कोटिंग, कॉरिडॉर. वैयक्तिक मापांची लेन्स असेल तर झुकाव, व्हर्टेक्स आणि फ्रेमचा वळसाही. व्हर्टेक्स, म्हणजे लेन्स आणि डोळ्यामधलं अंतर, मोठ्या नंबरात विशेष महत्त्वाचं. 12 मिमीवर काढलेला −10.00 चष्म्यात 14 मिमीवर बसला तर त्याच परिणामासाठी सुमारे −10.20 लागतो.

भरलेला फॉर्म चिठ्ठीसमोर ठेवून मोठ्याने वाचा, शक्यतो दुसऱ्याला ऐकवून.

## 8. लेन्स आल्यावर

पाकिटावर दोन नंबर छापलेले असतील तर घाबरू नका. वैयक्तिक मापांच्या लेन्समध्ये मागवलेला नंबर आणि झुकाव धरून बदललेला नंबर असे दोन असतात. लेन्सोमीटरवर दुसरा दिसतो. पहिल्याशी जुळत नाही म्हणून चांगली लेन्स परत पाठवणं ही हल्लीची नेहमीची चूक.

उजेडात लेन्स तिरकी धरली की कोरलेल्या खुणा दिसतात: एकमेकींपासून 34 मिमीवर दोन बारीक खुणा, कानाकडच्या खुणेखाली अ‍ॅडिशन, नाकाकडच्या बाजूला डिझाइन किंवा मटेरिअल. त्या बघून उजवी-डावी ठरवा. दूरचा नंबर छापील वर्तुळात, लेन्सची मागची बाजू मशीनच्या टेकूवर ठेवून तपासा. क्रॉसवर नंबर बघू नका, तिथून नंबर बदलायला सुरुवात झालेली असते. प्रिझम मधल्या ठिपक्यावर बघा. तिथे दोन्ही लेन्समध्ये सारखा बेस-डाउन प्रिझम दिसला तर तो लेन्स पातळ करण्यासाठी दिलेला असतो. दोन लेन्समध्ये उभा फरक किती, तेवढंच महत्त्वाचं.

अमेरिकन झेड80.1 मानकात प्रोग्रेसिव्हसाठी हाइट आणि एका डोळ्याच्या पीडीत ±1.0 मिमीची सूट आहे. ॲक्सिसची सूट सिलिंडरवर अवलंबून: 0.25 ला ±14 अंश, 0.50 पर्यंत ±7, 0.75 पर्यंत ±5, 1.50 पर्यंत ±3 आणि त्यापुढे ±2. फिटिंगमध्ये लेन्स 5 अंश फिरली आणि सिलिंडर 2.00 असेल तर सुमारे 0.35 डायॉप्टर सिलिंडर चुकीचा उरतो. म्हणून कटिंगनंतर दोन्ही आडव्या खुणा एका रेषेत आहेत का, ते चार्टवर बघा.

इशारा: छापील खुणा डिलिव्हरीपर्यंत पुसू नका. पुसताना स्पिरिट वापरा. अ‍ॅसिटोन पॉलिकार्बोनेटला आणि शेलला खातो.

## 9. डिलिव्हरी

खुणा असतानाच चष्मा घाला. क्रॉस बाहुलीवर आला पाहिजे. आला नाही तर आधी फ्रेम बसवा, मग खुणा पुसा. दूरचं एकेका डोळ्याने, मग दोन्ही डोळ्यांनी. मग जवळचा चार्ट 40 सेंमीवर आणि त्यानंतर त्यांचं खरं वाचन: पंचांगातला बारीक टाइप, औषधाची पट्टी, मोबाइल.

मग शिकवा, आणि करून दाखवा:

- "जे बघायचं त्याच्याकडे नाक वळवा. नुसते डोळे बाजूला नेलेत तर काठाला अंधूक दिसेल."
- "वाचताना मान स्थिर ठेवा, डोळे खाली करा."
- "जिना उतरताना हनुवटी छातीकडे घ्या आणि वरच्या भागातून पायरी बघा."
- "पहिले काही दिवस दुचाकी जपून. सकाळी उठल्यावर हाच चष्मा घाला, मध्ये जुना घालू नका."

सवय व्हायला काही दिवसांपासून दोन आठवडे लागतात, हे आधीच सांगा. आठवड्याने तपासणीची तारीख बिलावर लिहा.

## 10. तक्रार आली तर

लेन्स बदलण्याआधी खुणा पुन्हा काढा. कोरलेल्या दोन खुणांवर ठिपके द्या, कंपनीच्या चार्टवर ठेवून क्रॉस आणि वर्तुळं उतरवा आणि चेहऱ्यावर बघा.

- "वाचायला मान वर करावी लागते." क्रॉस बाहुलीच्या खाली आहे, बहुतेक फ्रेम घसरली आहे. पॅड जवळ घ्या, काडीचा बाक नीट करा. पॅडने 1–2 मिमी मिळतात. क्रॉस जागेवर असेल तर अ‍ॅडिशन कमी पडतंय का ते बघा.
- "दूरचं धूसर, मान खाली घातली की स्पष्ट." क्रॉस वर आहे. पॅड रुंद करा.
- "वाचताना पान एका बाजूला धरावं लागतं." पीडी चुकली किंवा एक लेन्स चेहऱ्यापासून लांब आहे. आधी काड्या बघा.
- "वाचायची जागा फारच कमी." झुकाव थोडा वाढवा, फ्रेम जवळ घ्या. कितीतरी चष्मे इथेच सुधारतात.
- "जमीन वर-खाली होते." पहिल्या आठवड्यात असेल तर थांबायला सांगा. दोन आठवड्यांनीही असेल तर जुन्या चष्म्याचा ॲक्सिस आणि लेन्सचा वळसा नव्याशी ताडून बघा, मग चिठ्ठी देणाऱ्याकडे पाठवा.

फ्रेम बसवूनही क्रॉस 1 मिमीपेक्षा जास्त चुकलेला असेल तर नवीन माप घ्या आणि लेन्स दुकानाच्या खर्चाने बदला. जुनं माप, नवं माप आणि कारण वहीत नोंदवा. सहा महिन्यांनी ती वही चाळली की कोणाच्या हातून कोणत्या टप्प्यावर चूक होते, ते दिसतं.